खड्डा आमचा, पाणी त्यांचं : रस्ते आणि पावसाळी गटार देखभाल सेवेचा अभिप्राय

आमच्या पालिकेच्या रस्ते व पावसाळी गटार देखभाल सेवेचा हा अभिप्राय मी सलग दोन पावसाळे तिचा वापर केल्यावर लिहीत आहे. ‘वापर’ हा शब्द थोडा विचित्र वाटेल, कारण ही सेवा कोणी चार दुकाने पालथी घालून निवडलेली नसते. घराबाहेर पाऊल टाकले की ती सुरू होते आणि आवडली नाही म्हणून दुसरी घेण्याची सोय नसते. तरीही तिच्याकडे ग्राहकाच्या नजरेने पाहण्यात गैर काही नाही, कारण तिचा मोबदला आपण करांच्या रूपाने आगाऊ भरून बसलेले असतो. पालिकेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे सांगितलेले दोष कोणत्याही पालिकेत सापडावेत इतके ओळखीचे आहेत आणि ज्या कर्मचाऱ्यांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलण्याचे सौजन्य दाखवले त्यांची त्यामुळे अडचण व्हायला नको. ज्यांना आधी गुण पाहून मग मजकूर वाचायची सवय आहे त्यांच्यासाठी सांगतो, की मी पाचपैकी अडीच तारे देत आहे, आणि त्यातला अर्धा तारा एका मुकादमाचा आहे. तो पालिकेच्या खात्यावर धरू नये.

माझे निरीक्षण मुख्यतः एका वळणापुरते आहे. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे वळणाच्या आतल्या बाजूला पावसाळी गटाराची लोखंडी जाळी आहे आणि जाळीपासून हाताच्या अंतरावर एक खड्डा आहे. हा खड्डा मी पाहत असताना चार वेळा बुजवला गेला आणि चार वेळा त्याच जागी, जवळजवळ त्याच आकारात परत आला. पाऊस थांबून तास उलटला, बाकीचा रस्ता सुकून पांढरा पडला, तरी या कोपऱ्यात पोटरीला लागेल इतके पाणी उभे असते. ते पाणी खड्डा झाकून टाकते, त्यामुळे दुचाकीस्वाराला तो दिसत नाही आणि पालिकेच्या छायाचित्रकारालाही दिसत नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

सेवेचा जो भाग खरोखर चांगला आहे त्यापासून सुरुवात करतो. तक्रार नोंदवणे सोपे आहे. भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये छायाचित्र जोडले की जागा आपोआप नकाशावर उमटते, तक्रार क्रमांक लगेच मिळतो आणि पहिल्या तीन तक्रारींना तर दोन दिवसांच्या आत माणसे जागेवर आली. पूर्वी अर्ज घेऊन कार्यालयात जावे, आवक-जावक नोंदवहीत शिक्का मारून घ्यावा आणि मग त्या शिक्क्याची प्रत जपून ठेवावी, हा प्रकार ज्यांनी केला आहे त्यांना या सुधारणेचे मोल वेगळे सांगायला नको. फोनवर बोलणारी माणसेही सभ्य होती. एवढ्यावर थांबलो असतो तर चार तारे देऊन मोकळा झालो असतो.

अडचण तक्रार ‘निकाली’ निघण्यापाशी सुरू होते. माझी दुसरी तक्रार ‘पाणी साचते, जाळीतून उतरत नाही’ अशी होती. तिसऱ्या दिवशी ती बंद झाल्याचा संदेश आला आणि सोबत पुरावा म्हणून छायाचित्र होते : भर दुपारची वेळ, कोरडा रस्ता, झाडून घेतलेली स्वच्छ जाळी. छायाचित्र खोटे नव्हते, जागाही तीच होती. पण पाणी उतरत नाही या तक्रारीचे उत्तर कोरड्या जाळीच्या छायाचित्राने कसे होते, हे मला आजही उमगलेले नाही. वर असे, की तक्रार कोणी बंद करायची हे ज्याच्यावर तक्रार आहे त्यानेच ठरवायचे आणि तक्रारदाराने ते मान्य नसल्यास नवा क्रमांक घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहायचे. त्यामुळे माझ्या एकाच खड्ड्याच्या नोंदी पालिकेच्या दप्तरी चार यशस्वी कामे म्हणून जमा आहेत. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये ‘फिक्समायस्ट्रीट’ ही सेवा सुरू केली, तिच्यात तक्रारी सर्वांना दिसतील अशा नकाशावर राहतात आणि काही आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारले जाते, की काम झाले का. यंत्रणा साधीच आहे, पण निकालाचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न तिने बरोबर सोडवला आहे.

आता दुरुस्तीकडे वळतो. पहिल्या वेळी छोट्या टेम्पोतून बांधकामाचा राडारोडा आणला, त्यातले विटांचे तुकडे खड्ड्यात ओतले आणि वरून मुरूम पसरला; हे पावसाची पुढची सर येईपर्यंत टिकले. दुसऱ्या वेळी गोणीतून आणलेला, गरम न करता वापरायचा खडी-डांबराच्या तयार मिश्रणाचा माल, ज्याला सगळे कोल्ड मिक्स म्हणतात, तो साचलेले पाणी न काढता त्यातच टाकला आणि फावड्याच्या पाठीने थापटला. मी विचारले तेव्हा, हा माल पाण्यातही बसतो असे उत्तर मिळाले. माल बसतही असेल, परंतु त्याखाली जो चिखल होता तो बसणार नव्हता, आणि आठवड्याभरात त्या मालाची खडी जाळीच्या तोंडाशी जमा झालेली मी स्वतः पाहिली. तिसऱ्या खेपेला मात्र काम पुस्तकात लिहिल्यासारखे झाले. खड्ड्याच्या कडा यंत्राने चौकोनी आणि उभ्या कापल्या, सैल झालेला भाग खणून काढला, हवा मारून धूळ उडवली, डांबराचा हात दिला, गरम मिश्रण दोन थरांत भरले आणि छोट्या रोलरने दाबून कडेचे सांधे डांबराने बंद केले. मी तिथे उभा राहून पाहत होतो. चाळीस मिनिटे लागली. हे काम पुढच्या पावसाळ्याच्या मध्यापर्यंत टिकले आणि मग तेही उखडले. चौथ्या वेळी पुन्हा गोणीचा माल आला.

येथे माझ्याच समजाला छेद देणारी एक गोष्ट नोंदवायला हवी. मला वाटत होते, की सगळा दोष कामाच्या पद्धतीचा आहे आणि प्रत्येक खड्डा चौकोनी कापून भरला तर प्रश्न मिटेल. परंतु १९९० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातील आठ ठिकाणी बाराशेहून अधिक ठिगळे लावून त्यांच्यावर अनेक महिने लक्ष ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात असे दिसले, की माल उत्तम असेल तर तो खड्ड्यात टाकून ट्रकच्या चाकांनी दाबण्याची झटपट पद्धतही चौकोनी कापून भरण्याच्या पद्धतीइतकीच टिकते. म्हणजे कडा कापल्या की नाही यापेक्षा मालाची प्रत आणि दाब अधिक मोलाचे आहेत. आमच्या कोपऱ्यावर तर पद्धत उत्तम होती, मालही गरम आणि ताजा होता, तरी ठिगळ गेले. तेव्हा कारण ठिगळाच्या बाहेर शोधावे लागणार हे उघड होते.

ते कारण रस्तेबांधणीच्या शास्त्राला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडचे जॉन लाउडन मॅकॅडम, ज्यांच्या नावाचा अंश आजही ‘टारमॅक’ या शब्दात शिल्लक आहे, ते हेच सांगत होते, की वाहनांचा भार शेवटी खालची मातीच पेलते आणि ती कोरडी राहिली तर कितीही भार पेलू शकते. रस्त्याचा वरचा थर हे मुख्यतः त्या मातीवरचे छप्पर आहे. छप्पर तडकले आणि वर पाणी उभे राहिले, की ते तड्यांतून आत उतरते. मग प्रत्येक चाक पंपासारखे काम करते : चाक आले की आतले पाणी दाबाखाली सैरावैरा पळते, चाक गेले की परत ओढले जाते, आणि या येण्याजाण्यात खडीवरचे डांबर सुटते व खालची बारीक माती वाहून जाते. पोकळी आधी खाली तयार होते, वरचा थर नंतर खचतो. आपल्याला दिसतो तो खड्डा हा त्या आजाराचा शेवटचा टप्पा असतो. त्यात वाहन जितके जड तितकी हानी कितीतरी पटींनी वाढते. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यावरून असा ढोबळ नियम निघाला, की रस्त्याची हानी ॲक्सलवरील, म्हणजे चाकांची जोडी ज्यावर फिरते त्या दांड्यावरील, भाराच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे एक टनाच्या ॲक्सलपेक्षा दहा टनांचा ॲक्सल दहा पट नव्हे, तर सुमारे १०,००० पट नुकसान करतो. आमच्या वळणावरून कचऱ्याच्या आणि वाळूच्या गाड्या वळतात, आणि त्या नेमक्या पाणी साचलेल्या आतल्या कडेला चिकटून वळतात.

चौथ्या दुरुस्तीच्या वेळी मी हे सगळे त्या मुकादमांना सांगायला गेलो. मला वाटले होते, की ते हसण्यावारी नेतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, जाळीकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही म्हणता ते आम्हाला रोज दिसतं. पण खड्डा आमचा, पाणी त्यांचं.” ‘ते’ म्हणजे पावसाळी गटारांचा विभाग. रस्ते विभागाची माणसे जाळी उचलू शकत नाहीत, कारण ती त्यांच्या ताब्यातील मालमत्ता नाही. गटार विभागाची माणसे जाळीपाशी आली तरी शेजारचा खड्डा त्यांच्या कामाच्या आदेशात नसतो. दोघांचे कनिष्ठ अभियंते वेगळे, कंत्राटदार वेगळे, आणि ॲपमध्ये तक्रारीचा प्रकार निवडताना आपण ‘खड्डा’ किंवा ‘पाणी साचणे’ यापैकी एकच निवडू शकतो. आपण ज्यावर बोट ठेवू त्या विभागाला तक्रार जाते आणि दुसऱ्या विभागाला ती कधी होती हेही कळत नाही. मुकादमांनी स्वतःच्या खिशातल्या वहीत अशा सतरा जागा लिहून ठेवल्या होत्या, जिथे तो खड्डा नाही, गटार आहे, असे त्यांचे मत होते. ही वही कोणी मागितली नव्हती. माझ्या मते संपूर्ण सेवेतला तो सर्वांत मौल्यवान दस्तऐवज आहे, आणि अर्धा तारा त्या वहीला आहे.

आता ‘त्यांच्या’ पाण्याविषयी. पावसाच्या तोंडावर नालेसफाई होते, हे मान्य करतो. पण तिचे मोजमाप उचललेल्या गाळाच्या वजनावर होते, त्यामुळे जिथून गाळ सहज आणि भरपूर निघतो अशा मोठ्या उघड्या नाल्यांवर सगळा जोर असतो आणि जाळीपासून नाल्यापर्यंत पाणी नेणारी जमिनीखालची वाहिनी तशीच राहते, कारण तिच्यातून निघणारा गाळ वजनाला फारसा भरत नाही. आमच्या कोपऱ्यावर पहिल्या वर्षी जाळीखालच्या चेंबरमधला गाळ काढला गेला. तो शेजारीच ढीग घालून वाळण्यासाठी ठेवला, पाच दिवस तो तिथेच होता आणि सहाव्या दिवशीच्या पावसाने तो आला त्या वाटेने परत गेला. ओला गाळ वाहून नेणे अवघड असते, तो निथळू द्यावा लागतो, हे समजू शकते. पण निथळण्याची जागा जाळीच्या वरच्या अंगाला असू नये, एवढी भूमिती कोणालाही सुचायला हवी.

अर्धवट साफ केलेली वाहिनी निम्मे काम करते असा एक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. साधे गणित करून पाहू. एक हेक्टर पक्क्या भागावर ताशी ५० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल आणि त्यातला दशांश भाग मुरतो किंवा अडतो असे धरले, तर दर सेकंदाला सुमारे १२५ लिटर पाणी गटाराकडे धावते. ४५० मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप दर २०० मीटरला एक मीटर अशा उताराने टाकलेला असेल, तर आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आणि आजही सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्रानुसार तो पूर्ण भरून वाहताना सेकंदाला सुमारे २०० लिटर पाणी नेतो, म्हणजे १२५ लिटर तो आरामात पचवील. आता त्याच पाइपचा खालचा निम्मा भाग गाळाने भरू द्या. पाण्याला निम्मी जागा राहिली, पण घासायला गाळाचा नवा पृष्ठभाग मिळाला, त्यामुळे वेगही घटला. हिशेब केला तर वहन सेकंदाला सुमारे ७० लिटरवर येते. निम्मा गाळ म्हणजे निम्मे पाणी नव्हे, जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडे अधिक. जो पाइप निर्धास्तपणे पुरत होता तो आता जवळजवळ निम्म्या पाण्याला नकार देतो, आणि नाकारलेले पाणी आमच्या वळणावर उभे राहते. पाइप लहान पडतो म्हणून नवी मोठी वाहिनी टाकण्याचे प्रस्ताव मांडण्याआधी जुनी वाहिनी कॅमेरा आत सोडून एकदा पाहावी, एवढीच अपेक्षा या आकड्यांतून निघते. कॅमेरा आणि पाण्याच्या दाबाने गाळ फोडणारी गाडी या दोन्ही गोष्टी आमच्या पालिकेकडे आहेत, हे मला त्यांच्याच माहितीपत्रकावरून कळले. त्या असताना माणसाला चेंबरमध्ये उतरवण्याचे कारण उरत नाही; बंद गटारातल्या विषारी वायूंनी जीव जातात ही गोष्ट आता कोणाला नवीन नाही.

रस्त्याच्या नव्या थराबद्दल मात्र मला राग आहे, आणि तो लपवत नाही. डांबराचा नवा थर हे काम सर्वांना आवडते : रस्ता काळाभोर दिसतो, एका रात्रीत होतो आणि उद्घाटनाला शोभतो. पण जुना थर खरवडून न काढता त्यावर ४० मिलिमीटरचा थर तीनदा चढवला, की रस्ता १२ सेंटीमीटर वर येतो आणि पदपथाच्या कडेचा दगड जवळजवळ गडप होतो. सात मीटर रुंद रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत अडीच टक्के उतार दिला तर कडा मध्यापेक्षा सुमारे नऊ सेंटीमीटर खाली असायला हवी. पाणी वाहावे म्हणून ठेवलेला हा नऊ सेंटीमीटरचा फरक थरांवर थर चढवताना कोणी मोजत नाही. परिणामी आमच्या जाळीची अवस्था अशी झाली आहे, की ती रस्त्याच्या पातळीपेक्षा वीतभर खोल विहिरीत बसली आहे आणि तिच्याभोवतीची डांबराची कड दाबली न गेल्यामुळे ठिसूळ राहिली आहे. खड्डा नेमका त्या कडेपासून सुरू होतो. त्याच रस्त्यावर पुढची जाळी याच्या उलट डांबराखाली अर्धी गाडली गेली आहे. दोन्ही चुका एकाच रात्री, एकाच यंत्राने झालेल्या आहेत. थर टाकण्यापूर्वी प्रत्येक जाळी व प्रत्येक चेंबरचे झाकण नव्या पातळीला आणणे हे कंत्राटात लिहिलेले असते असे मला सांगण्यात आले. ते लिहिलेले असेल, तर देयक मंजूर करणाऱ्याने तिथे पट्टी लावून पाहिली नाही एवढाच अर्थ होतो.

वाहिन्या आणि तारांसाठी होणाऱ्या खोदाईविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर लिहायला वेगळा अभिप्राय लागेल. ब्रिटनमध्ये रस्ता खोदणाऱ्या कंपनीला भरून काढलेल्या चराची हमी साधारणपणे दोन वर्षे आणि खोल चर असल्यास तीन वर्षे द्यावी लागते. आमच्याकडेही दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामात दोष निघाल्यास करणाऱ्यानेच तो दुरुस्त करून देण्याची मुदत, असतो, परंतु चर कोणी खणला, कोणत्या दिवशी बुजवला आणि हमी कधी संपते याची पाटी किंवा खूण जागेवर नसल्यामुळे त्याचा दावा करणार कोण, हा प्रश्न राहतो. बुजवलेल्या चरावर कंपनीचे चिन्ह आणि वर्ष असलेली एक छोटी धातूची चकती ठोकली, तरी पुष्कळ काम होईल.

देखभालीचा खरा पाया पाहणी आहे, आणि सेवेचा सर्वांत मोठा तोटा येथेच आहे. आमची पालिका तक्रार आली की पाहते. तक्रार येण्यापूर्वी पाहण्याचे तिचे वेळापत्रक मला मागूनही मिळाले नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्याचे कलम ४१ स्थानिक संस्थेवर रस्ता सुस्थितीत ठेवण्याचे बंधन घालते आणि कलम ५८ तिला बचावाची एक वाट देते : आम्ही वाजवी काळजी घेतली होती हे दाखवता आले तर भरपाईतून सुटका होऊ शकते. वाजवी काळजी दाखवायची तर पाहणीची तारीखवार नोंद हवी, त्यामुळे तेथील पालिका ठरलेल्या दिवशी माणसे पाठवतात आणि नोंदी जपतात. हेतू स्वतःला वाचवण्याचा असला तरी त्यातून रस्त्याचे भले होते. त्याच देशातील अपील न्यायालयाने १९६८ मधील एका प्रकरणात असेही मानले, की रस्ता राखण्याच्या कर्तव्यात त्याचा पाणी-निचरा राखणे येतेच. ‘खड्डा आमचा, पाणी त्यांचं’ ही विभागणी तिथे न्यायालयात टिकली नसती.

पाहणीतून काय नोंदवायचे यासाठीही नव्याने शोध लावण्याची गरज नाही. अमेरिकन लष्कराच्या अभियांत्रिकी दलाने १९७० च्या दशकात रस्त्याच्या पृष्ठभागाला ० ते १०० गुण देण्याची पद्धत विकसित केली. तडे, खचणे, ठिगळे यांचा प्रकार, तीव्रता आणि व्याप्ती मोजून गुण वजा केले जातात. तिचा खरा उपयोग सर्वांत वाईट रस्ता शोधण्यासाठी नाही, कारण तो कोणालाही दिसतो. जो रस्ता आज ७० वर आहे आणि तडे भरले नाहीत तर लवकरच घसरणार आहे तो ओळखण्यासाठी आहे. तडे वेळेवर डांबराने बुजवणे हे काम कोणाला दिसत नाही, त्यासाठी कोणी हार घालत नाही, आणि म्हणूनच बहुतेक पालिकांप्रमाणे आमचीही पालिका आधी पूर्ण खचलेल्या रस्त्यावर सगळी शक्ती ओतते आणि तोवर चांगले रस्ते रांगेत येऊन उभे राहतात.

येथे वेगाविषयीचा एक मोह आवरायला हवा. जपानमधील फुकुओका शहरात नोव्हेंबर २०१६ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामामुळे भर चौकात प्रचंड विवर पडले आणि आठवड्याभरात ते भरून रस्ता सुरू झाला. ती छायाचित्रे जगभर फिरली आणि आपल्या पालिकेला टोमणा म्हणून मीही ती पुढे पाठवली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस तीच जागा सुमारे सात सेंटीमीटर खचली आणि रस्ता काही तासांसाठी पुन्हा बंद करावा लागला, हे मात्र फारसे कोणी पुढे पाठवले नाही. तिथे खचण्यावर लगेच लक्ष गेले, ते मोजले गेले आणि तपासून रस्ता परत खुला झाला, हे मला त्या आठवड्याच्या वेगापेक्षा अधिक शिकण्याजोगे वाटते. आमच्या ॲपमध्ये मात्र मुख्य पानावर ‘सरासरी निवारण कालावधी’ झळकतो, आणि एकच तक्रार परत किती वेळा आली हा आकडा कुठेच नाही.

नागरिकांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. आमच्या जाळीवर पानांपेक्षा पिशव्या अधिक असतात आणि एका घराच्या दुरुस्तीची वाळू महिनाभर रस्त्याच्या कडेला पडून होती. तिचा निम्मा भाग कुठे गेला हे त्या गाळाने सांगितले. अमेरिकेतील काही शहरांत रहिवासी आपल्या घराजवळची जाळी दत्तक घेतात आणि पावसाआधी वरचा पालापाचोळा बाजूला करतात. ही पद्धत मला आवडते, पण तिची मर्यादाही स्पष्ट असावी : जाळीच्या वरचे नागरिकांनी पाहावे, जाळीच्या खालचे पालिकेने.

सेवेत बदल सुचवायचे तर माझी पहिली मागणी नव्या वाहिनीची किंवा नव्या ॲपची नाही. वळण, जाळी, चेंबर, वाहिनी आणि त्यावरचा रस्ता यांना एकच क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकाखाली दोन्ही विभागांची कामे एकाच ठिकाणी दिसावीत. वर्षात दुसऱ्यांदा त्याच क्रमांकावर खड्डा आला, की ती तक्रार आपोआप गटार विभागाकडेही जावी आणि ठिगळ लावण्याआधी त्यांचा अहवाल यावा. नालेसफाईचे देयक गाळाच्या वजनावर न देता, वरच्या चेंबरमध्ये टँकरचे पाणी सोडून ते खालच्या चेंबरमध्ये ठरलेल्या वेळात पोहोचते का, यावर द्यावे. ही चाचणी करायला कोणतीही नवी यंत्रसामग्री लागत नाही, आणि कोरड्या जाळीचे छायाचित्र तिच्यापुढे टिकत नाही.

ही कल्पना मला टेबलावर बसून सुचलेली नाही. चौथ्या दुरुस्तीनंतर त्या मुकादमांच्याच सल्ल्याने गटार विभागाचे पथक एकदा आले आणि त्यांनी चेंबर उपसला. ते गेल्यावर मी दोन बादल्या पाणी घेऊन खाली उतरलो. पहिली बादली जाळीच्या वरच्या अंगाला रस्त्यावर ओतली. पाणी क्षणभर ठिगळाच्या कडेला घुटमळले आणि मग जाळीत शिरले, आणि खाली पडल्याचा आवाज मला दोन पावसाळ्यांत पहिल्यांदाच ऐकू आला. दुसरी बादली ओतायला शेजाऱ्यांच्या मुलाला उभे केले आणि मी तीस पावलांवरच्या पुढच्या चेंबरपाशी जाऊन झाकणाच्या भोकाला कान लावला. त्याने बादली उपडी केल्याचे हात हलवून कळवले. मी बराच वेळ वाकून होतो. खाली काहीच आले नाही. त्याच संध्याकाळी ॲपवर संदेश आला, की तक्रार निकाली काढण्यात आली आहे. मी पाचवा क्रमांक घेतला आहे, आणि या वेळी तक्रारीच्या वर्णनात दोन्ही चेंबरमधले अंतर लिहिले आहे.